मुलाखत इंग्रजीत, आयुष्य मराठीत

दक्षिण दिल्लीत मुनिरका नावाचे गाव आहे. गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. आता शहराने त्याला चारी बाजूंनी वेढले आहे. जवळच जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, शेजारी डीडीएच्या वसाहती, बाहेर आउटर रिंग रोडची अखंड रहदारी आणि २०१८ च्या मे महिन्यापासून मेट्रोचे स्थानक. आत शिरलात की गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या बाल्कन्यांतून साखरेची वाटी सहज देता यावी. डोक्यावर तारांचे जंजाळ, खाली मोमोच्या गाड्या, झेरॉक्सची दुकाने आणि मणिपूर-नागालँडच्या मुलांसाठी सुकी मासळी नि बांबूचे कोंब विकणारी किराणा दुकाने.

गेल्या उन्हाळ्यात दिल्लीला गेले असताना अशाच एका गल्लीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी बीड जिल्ह्यातल्या एका मुलीला भेटायला गेले होते. तिच्या मामांची आणि आमची जुनी ओळख. ‘‘पोरगी परीक्षेच्या नादात कुणाशी बोलंना झाली आहे, जरा बघून या,’’ असा त्यांचा निरोप होता.

मुलगी चांगली चटपटीत होती. चहा तिनेच केला. खोलीत एक टेबलफॅन, दोन कॉट, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. दुसरी कॉट मणिपूरच्या एका मुलीची. पहिल्यांदा ती मला ‘मॅडम’ म्हणत होती, चहा संपेपर्यंत ‘ताई’वर आली आणि मग खरे काय ते सांगू लागली.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची तिची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला ती लेखी परीक्षा मराठीतून देऊन उत्तीर्ण झाली होती, अगदी मुलाखतीपर्यंत पोचली होती. शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसची ती गोल इमारत तिने आतून पाहिली होती. आणि तिथूनच रिकाम्या हाताने परत आली होती.

‘‘ताई, त्यांनी अवघड काहीच विचारलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘वडील काय करतात, एवढंच विचारलं. मी म्हणलं, फार्मर. मग विचारलं, काय पिकवता? मी म्हणलं, शुगरकेन, सर. तेवढ्यावर गप्प.’’

‘‘मग त्यात चुकलं काय?’’

‘‘चुकलं असं, की आमचा ऊसच नाही. आमच्याकडं दीड एकर कोरडवाहू. आई-बापू दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात, ते मार्च-एप्रिलला येतात. पण ‘उचल’ला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे कसं सांगायचं? मला काही सुधरंना. मग जे येत होतं तेच सांगितलं.’’

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी ऊसतोडीची माणसे फक्त रस्त्यावरच्या बैलगाडीत पाहिली आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून दर हंगामाला लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांच्या फडावर जातात. मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतात, ती उचल. ती फिटेपर्यंत तोड करायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकटा माणूस असेल तर अर्धा. मुले एक तर आजीपाशी राहतात, नाही तर हंगामी वसतिगृहात, नाही तर फडावरच्या कोपीत. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हा सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. म्हणजे जिल्हाधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलीजवळ सांगण्यासारखे जे होते, ते एखाद्या परीक्षकाने कान टवकारून ऐकावे असे होते. आणि ती मुलगी ‘‘शुगरकेन, सर’’ म्हणून थांबली!

इंग्रजी कच्चे असल्याचा तोटा म्हणजे व्याकरणाच्या चुका, असे आपण धरून चालतो. त्या चुका कोण मनावर घेतो? खरा तोटा हा, की माणूस जेवढे इंग्रजी येते तेवढाच होऊन बसतो.

मी तिला विचारले, ‘‘तू मराठीतून मुलाखत का नाही दिलीस?’’

ती ओशाळून हसली. अर्ज भरताना क्लासमधल्या मुलांनी तिला सांगितले होते, की मराठी लिहिलेस तर बोर्डावर छाप पडणार नाही. अर्जात मुलाखतीची भाषा आधीच लिहून द्यावी लागते. तिने ‘इंग्रजी’ लिहून टाकले आणि मग चार महिने एका क्लासने दिलेला परिच्छेद पाठ केला. मी कष्टाळू आहे, मी वक्तशीर आहे, मला आव्हाने आवडतात, वगैरे. तो परिच्छेद म्हणायची वेळच आली नाही.

हे ‘छाप’ प्रकरण मला नेहमी चीड आणते. भारतीय भाषांतून ही परीक्षा देण्याची सोय काही कोणी काल दया म्हणून दिलेली नाही. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या समितीने १९७६ मध्ये अहवाल दिला आणि १९७९ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतून उत्तरपत्रिका लिहिता येऊ लागल्या. २०१३ च्या मार्चमध्ये आयोगाने नियम बदलून प्रादेशिक भाषांची वाट अरुंद करायचा प्रयत्न केला, तेव्हा संसदेत गदारोळ झाला, महाराष्ट्रातही आंदोलने झाली आणि त्याच महिन्यात तो बदल मागे घ्यावा लागला. मुलाखतीचेही तसेच. मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखत मराठीतून देता येते, इंग्रजीतून किंवा हिंदीतूनही देता येते. मराठी घेतली तर दुभाषी बसतो. मुख्य परीक्षा इंग्रजीतून लिहिणाऱ्यांनाही आता मुलाखतीसाठी आपल्या भाषेचा पर्याय आहे. मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्यावर २०११ मध्ये आयोगाने तो खुला केला.

आणि छाप पडायची ती कशाची? आयोगाच्या अधिसूचनेत मुलाखतीत काय पाहिले जाते ते छापलेलेच असते. मनाची तरतरी, विचारांची सुसंगत मांडणी, निर्णयातला तोल, आवडीनिवडींची खोली, सचोटी. इंग्रजी उच्चारांचा त्यात उल्लेख नाही. उलट ही उलटतपासणी नसून सहज पण हेतुपूर्वक केलेले संभाषण आहे, असेच तिथे म्हटले आहे. मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ मिळून २०२५ गुण होतात. इंग्रजीचा अनिवार्य पेपर वेगळा असतो. त्यात पंचवीस टक्के मिळाले की पुरे, ते गुण बेरजेत धरत नाहीत.

आता मराठीतून मुलाखत देण्यात अडचण काहीच नाही, असेही मी म्हणणार नाही. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत प्रत्येक वाक्य दोनदा बोलले जाते, म्हणजे वेळ निम्मा होतो. लांबलचक वाक्य बोलणाऱ्याचे अर्धे वाक्य दुभाष्याच्या हातून सांडते. त्यामुळे मराठीतून बोलणाऱ्यानेही छोटी वाक्ये बोलायची सवय करावी लागते. एका वाक्यात एकच गोष्ट. शिवाय ‘आमच्या भागात पाणी पेटलंय’ असल्या बोलण्याचा दुभाषी काय अर्थ लावील, कोण जाणे!

तरीही माझे मत तिने मराठीच लिहावे असे होते. तसे मी तिला सांगितलेही. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला होता आणि नवा अर्ज तिच्या लॅपटॉपवर उघडा होता. भाषेचा रकाना रिकामा होता.

ती मात्र लगेच हो म्हणाली नाही. तिने मला एक वही दाखवली. ती पाहून मी थक्क झाले. वहीच्या डाव्या बाजूला तिने स्वतःच्या घरातले, गावातले, फडावरचे शब्द लिहिले होते. उचल, मुकादम, टोळी, मोळी, कोपी, कोरडवाहू, सालगडी. उजव्या बाजूला इंग्रजी. पण एकेका शब्दाला एकेक शब्द नव्हता. ‘कोयता’समोर तिने तीन छोटी वाक्ये लिहिली होती: हे ऊस तोडायचे हत्यार आहे, नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयता म्हणतात, मजुरी जोडीला मिळते म्हणून बाईच्या हातात वेगळे पैसे येत नाहीत. ही तीन वाक्ये कोणत्याही क्लासच्या पुस्तकात सापडणार नाहीत.

इंग्रजीतून मुलाखत देणाऱ्या प्रत्येकाने, मग ती बँकेची असो, विमा कंपनीची असो की इस्पितळातल्या स्वागतिकेच्या जागेची, अशी वही करावी असे मला वाटते. आपल्या अर्जात आपण जे जे लिहिले आहे, गाव, शाळा, छंद, वडिलांचा धंदा, आधीची नोकरी, मध्ये राहिलेली दोन वर्षे, त्या प्रत्येकावर विचारले जाणार हे धरून चालावे. त्या पंधरा-वीस गोष्टी स्वतःच्या साध्या इंग्रजीत सांगता आल्या की निम्मी मुलाखत झाली. पाठांतर मात्र नको. पाठ केलेले वाक्य मध्येच तुटले की पुढचे सगळे घरंगळते.

तिच्या बोलण्यातल्या काही चुका आपल्या सगळ्यांच्याच असतात, म्हणून सांगते. आपण मराठीत ‘मी दोन वर्षांपासून दिल्लीत राहते’ म्हणतो, त्यामुळे तोंडातून सरळ ‘आय ॲम लिव्हिंग इन दिल्ली सिन्स टू इयर्स’ निघते. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन दिल्ली फॉर टू इयर्स’ हे एकदा जिभेवर बसवले की कायमचे बसते. दुसरे आपले लाडके ‘मीन्स’. मराठीत अडखळलो की आपण ‘म्हणजे’ म्हणतो, इंग्रजीत अडखळलो की ‘मीन्स, मीन्स’. त्यापेक्षा दोन क्षण गप्प बसावे. ‘मायसेल्फ अमुक’ अशी सुरुवातही टाळावी, ‘आय ॲम’ पुरते. पण सगळेच काही आपल्या विरुद्ध नाही. मराठीतले दोन वेगळे ‘ज’ आपल्या जिभेला उपजत ठाऊक असतात, त्यामुळे ‘झू’ आणि ‘झीरो’ म्हणताना आपल्याला काहीच कष्ट पडत नाहीत. हिंदी मुलुखातली किती तरी मुले त्या एका आवाजासाठी झगडताना मी पाहिली आहेत.

तिचा सराव कसा चालतो, हे तर आणखी गमतीचे. मणिपूरच्या मैत्रिणीला मराठी येत नाही, हिला मणिपुरी येत नाही, दोघींची हिंदी यथातथाच. तेव्हा गॅस संपला, भाडे वाढले, नळाला पाणी आले नाही, सगळे इंग्रजीतच. भांडणसुद्धा. रोज संध्याकाळी दोघी विद्यापीठाच्या बाजूने फिरायला जातात आणि एकीने विचारायचे, दुसरीने सांगायचे. ‘‘तिला ऊसतोड म्हणजे काय हे खरंच माहीत नव्हतं, ताई. म्हणून मला सांगावंच लागलं. क्लासच्या मॉक मुलाखतीत समोरच्याला सगळं ठाऊक असायचं, मग सांगायचं कशाला?’’ मोबाइलवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकायची सवयही तिनेच तिला लावली. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून हिला रडू आले होते म्हणे. आठवड्याने दोघी हसू लागल्या.

दोन वाक्ये मात्र तिने मला विचारून लिहून घेतली. प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन, सर’. आणि उत्तर येत नसेल तर ‘आय ॲम सॉरी, आय डोन्ट नो’. यात कमीपणा नाही. न कळलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा उमेदवार परीक्षकाला पहिल्याच मिनिटात कळतो.

घरच्या मंडळींसाठीही एक गोष्ट. बाहेरगावी राहून तयारी करणाऱ्या मुलामुलींना रोज फोन करून ‘अभ्यास झाला का’ असे विचारू नका. त्यापेक्षा आपल्याच घराबद्दल त्यांना काही सांगा. आजोबांनी विहीर कधी खोदली, शाळा कोणत्या साली झाली, गावातली गिरणी का बंद पडली. मुलाखतीत हेच विचारतात आणि नेमके हेच मुलांना माहीत नसते.

अंधार पडू लागला तशी मी निघाले. जाता जाता पुन्हा म्हटले, ‘‘बघ हं, मराठी लिहिलंस तरी चालेल. २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तुझ्या शेजारच्या विद्यापीठातही आता मराठीचं केंद्र झालंय. लाज कसली?’’

‘‘लाज नाही, ताई,’’ ती म्हणाली. ‘‘पेपर मी मराठीतूनच लिहिणार आहे. पण मुलाखतीत मधी माणूस नको वाटतो. कारखान्याच्या आणि आमच्या मधी मुकादम असतोच. बापूंचं म्हणणं साहेबापर्यंत कधी जसंच्या तसं गेलं नाही. मोडकंतोडकं का होईना, मीच सांगते.’’

यावर मला काही बोलता आले नाही. तिने रकान्यात ‘इंग्रजी’ निवडले. मुख्य परीक्षा अजून पार करायची होती, मुलाखत झालीच तर ती सात-आठ महिन्यांनी.

मी चपला घालत होते तेवढ्यात तिने गावाकडे फोन लावला. आईने उचलला. वहीत एक जागा रिकामी राहिली होती, तेवढे तिला विचारायचे होते.

‘‘आई, एका मोळीत ऊस किती असतात गं?’’

फोनवरचा आवाज मला दारातूनही ऐकू आला. ‘‘साहेबाला सांगणारेस व्हय? मग आदी मोळी बांधायची कशी ते सांग. बांधल्याबिगर कळायचं न्हाई त्याला.’’