बोलत बोलत धावा

नवा रायपूर हे आधी कागदावर आखलेले आणि मग बांधलेले शहर. मंत्रालय तिथे, क्रिकेटचे मोठे स्टेडियम तिथे, जंगल सफारी तिथे. रस्ते असे प्रशस्त की जुन्या रायपुरातून गेलेल्या माणसाला पहिल्यांदा चुकल्यासारखेच वाटते. पण कचेरीत येणारी बरीच मंडळी संध्याकाळी जुन्या शहरात परततात. इमारती चार-दोन वर्षांत उभ्या राहतात, शेजार इतक्या लवकर उभा राहत नाही. म्हणूनच रविवारी पहाटे या मोकळ्या रस्त्यांवर धावणाऱ्यांचे घोळके दिसले की बरे वाटते.

अशा घोळक्यामागे बहुधा कुणीतरी एक वेडा कोच असतो. वेडा म्हणायचे कारण, लोकांना पळवणे हे त्याचे निम्मेच काम. साडेचारला फोन करून "उठलात का?" विचारणे, दोन रविवार दांडी मारणाऱ्याची चौकशी करणे आणि पहिल्याच दिवशी सुसाट सुटणाऱ्याला आवरणे, हे उरलेले निम्मे. नवखा गडी दुसऱ्या किलोमीटरला छाती काढून पुढे गेला की कोच त्याच्या बाजूला येतो आणि सहज विचारतो, "काल रात्री काय जेवलात?" उत्तर "पो... ळी..." असे तुटक आले, की झाले! वेग कमी करायचा. पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे.

ही कसोटी जगभर रुजवणारा माणूस न्यूझीलंडचा, आर्थर लिडियार्ड. बुटांच्या कारखान्यात काम करून ऑकलंडमधल्या आपल्या आसपासच्या पोरांना तो शिकवायचा. रविवारी डोंगरातून 22 मैल, म्हणजे सुमारे 35 किलोमीटर. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने 800 मीटरचे आणि मरे हॅलबर्गने 5000 मीटरचे सुवर्ण एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने जिंकले. कुणीही इथे थांबला असता. लिडियार्डने पुढे पोट सुटलेल्या, हृदयविकार झालेल्या मध्यमवयीनांना पळायला काढले आणि 1962 मध्ये ऑकलंडला जॉगर्सचा क्लब उभा राहिला. त्याच वर्षाअखेर अमेरिकेतला नामांकित कोच बिल बॉवरमन तिथे पाहुणा गेला. पुढे 'नायकी' कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झालेला हाच तो. पन्नाशी ओलांडलेला बॉवरमन त्या घोळक्याबरोबर निघाला आणि मागे पडला. त्याच्या सोबतीला थांबला तो सत्तरी पार केलेला, हृदयविकाराचे तीन झटके पचवलेला एक म्हातारा. बॉवरमन घरी परतला तो जॉगिंगचे वेड घेऊनच. अमेरिकेत जॉगिंग फोफावले त्यात या फजितीचा वाटा मोठा. आम्हाला त्या दोन सुवर्णपदकांपेक्षा हा म्हातारा जास्त मोलाचा वाटतो. स्वतः पुढे जाता येत असताना तो पाहुण्यासाठी मागे राहिला, आणि लिडियार्डच्या शिकवणीचे खरे प्रमाणपत्र तेच.

आपल्याच छत्तीसगडातले उदाहरण हवे तर अबूझमाडचे घ्या. गडचिरोलीच्या भामरागडला लागून असलेला हा मुलूख अनेक वर्षे बातम्यांत आला तो गोळीबारापायी. तिथे नारायणपूर ते बासिंग अशी 21 किलोमीटरची शांतता दौड होते. एका दौडीने बंदुका थंडावत नाहीत, हे आम्हालाही कळते. पण ज्या रस्त्यावर जायला लोक कचरत होते, त्यावर हजारो जण एकाच सकाळी धावले, याची किंमत कमी लेखू नये.

आता थोडे आपल्याबद्दल. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ 1935 पासूनचे. गणपती, कोजागरी, दिवाळी पहाट आपण झोकात करतो. प्रमुख पाहुणे, हारतुरे, लांबलेले आभारप्रदर्शन, सगळे यथासांग! मग पुढच्या सणापर्यंत कोण कसा आहे, याचा पत्ता नसतो. कोचकडे ना मांडव, ना ध्वनिक्षेपक. तरी आठवड्याला माणसे जमतात, आणि त्यात साहेब कोण, शिपाई कोण हे घामाने भिजलेल्या टीशर्टवरून ओळखता येत नाही. मंडळांनी हे शिकण्यासारखे आहे.

तेव्हा वाचकहो, फराळ यथेच्छ करा, अंक सावकाश वाचा आणि दिवाळी सरल्यावरच्या पहिल्या रविवारी शेजारच्या एका घराची बेल वाजवून त्यांना सोबत घेऊन बाहेर पडा. चालत निघालात तरी चालेल. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि हृदयाची तक्रार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.