पेशींची मर्यादा आणि वार्धक्याचा बाजार

वार्धक्य थोपविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिराती आता सातारा-सांगलीकडेही घरोघरी पोचल्या आहेत. पेशींचे थकणे हा शरीरातील दोष असून तो पैसे मोजून दूर करता येतो, असा त्यांचा आशय. निवृत्तिवेतनावर संसार चालविणाऱ्यांनी तो तपासून पाहिला पाहिजे.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला याची उलट बाजू परिचित आहे. उसाची कांडी पुरली की तिच्या डोळ्यातून नवा ऊस उभा राहतो. को ८६०३२ ही जात शिवारोशिवार पसरली आहे ती अशा बेण्याच्या बळावरच. तो सारा ऊस वस्तुतः एकाच मूळ रोपाचा विस्तार होय. बेणे बदलावे लागते ते बहुधा रोगामुळे. डोळ्यातील पेशी म्हाताऱ्या झाल्या म्हणून नव्हे. मग जे उसाला साधते ते माणसाला का साधू नये?

१९६१ साली हेफ्लिक व मूरहेड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, प्रयोगशाळेत वाढविलेल्या सामान्य मानवी पेशी सुमारे ५० वेळा विभागतात आणि मग थांबतात. याचे एक प्रमुख कारण पुढे उलगडले. गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमिअर’ नावाचे संरक्षक काठ असतात. प्रत्येक विभाजनात ते थोडे झिजतात व फार आखूड झाले की पेशी विभागणे सोडते. ही झीज भरून काढणारे ‘टेलोमरेज’ हे विकर १९८४ मध्ये सापडले. या संशोधनाला २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र शरीराच्या बहुतेक पेशींत हे विकर निद्रिस्त असते.

ते जागे झाले तर काय होते, याचे उत्तर बहुतेक कर्करोगांत मिळते. १९५१ साली बाल्टिमोर येथे हेनरिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही विभागत आहेत. त्या वाढविणाऱ्या जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत पुण्याच्या कन्या डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात ते रुजविले. मर्यादा झुगारणारी पेशी अमर होते. पण ज्या शरीरात ती वाढते, त्याचाच घास घेते. सामान्य पेशीचे थांबणे हा म्हणूनच निव्वळ दोष नव्हे. तो एक बंदोबस्त आहे.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला यात परिचित हिशेब दिसतो. टॉमस कर्कवुड यांनी १९७७ मध्ये मांडले की, शरीराची ऊर्जा मर्यादित असून ती दुरुस्ती व प्रजोत्पादन यांत वाटावी लागते. निसर्गात बहुतेक प्राणी म्हातारपणापूर्वीच अपघाताने वा उपासमारीने मरत. तेव्हा देह अक्षय ठेवण्यावरील खर्च निसर्गाला परवडणारा नव्हता. आपण त्याच जुन्या अंदाजपत्रकाचे वारस आहोत.

अर्थात संशोधन चालूच राहावे. परंतु माणसाचे वार्धक्य थांबविते असे सिद्ध झालेले एकही औषध आज उपलब्ध नाही. तेव्हा महिन्याच्या तुटपुंज्या रकमेतून बाटलीबंद तारुण्य विकत घेण्यापेक्षा रक्तदाबाची तपासणी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि रोजचे चालणे यांवरचा खर्च सार्थकी लागेल. शासनानेही तालुक्याच्या रुग्णालयात वृद्धांसाठी पुरेशी सोय करावी. पेशींची मर्यादा आपल्या हाती नाही; वृद्धांची हेळसांड थांबविणे मात्र निश्चितच आहे.