लहान तोंडी मोठा घास? औंध संस्थान आणि शेजारची लोकशाही

लहान राष्ट्राने शेजाऱ्यांच्या राज्यपद्धतीत नाक खुपसू नये, स्वतःचे घर सांभाळावे आणि लोकशाहीचा पुरस्कार ज्यांच्या पाठीशी सैन्य आणि पैसा आहे अशा बड्या सत्तांवर सोडावा, असा व्यवहारी सल्ला परराष्ट्रनीतीच्या चर्चेत वरचेवर दिला जातो. बेलारूसमधील विरोधकांना आसरा देणाऱ्या आणि मिन्स्कमध्ये 2004 साली बंद पाडलेल्या विद्यापीठाला दुसऱ्याच वर्षी आपल्या राजधानीत जागा देणाऱ्या लिथुएनियावर आक्षेप घेतला जातो तोही याच धाटणीचा, की हा लहान तोंडी मोठा घास आहे. या आक्षेपाची पारख करण्यासाठी मराठी वाचकाने विल्निअसपर्यंत जाण्याचे कारण नाही. सुमारे 500 चौरस मैलांचा विस्तार, 72 गावे आणि पाऊण लाखाच्या आसपास लोकसंख्या असलेल्या औंध संस्थानाने 1938 ते 1948 या दशकात जे केले, त्यात या वादाच्या दोन्ही बाजू पुरेशा स्पष्ट दिसतात.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा असा की औंध हा देशच नव्हता, मग त्याची राजनीती कसली? मुद्दा कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे. संस्थानांचे परराष्ट्रसंबंध आणि संरक्षण ब्रिटिश सार्वभौम सत्तेच्या, म्हणजे संस्थानिकांच्या वर असलेल्या आणि त्यांच्या कारभारात हवा तेव्हा हात घालू शकणाऱ्या सत्तेच्या, ताब्यात होते. दक्षिणी संस्थानांवर देखरेख करणारा रेसिडेंट कोल्हापुरात बसत असे. औंधला वकील पाठवता येत नव्हता, तह करता येत नव्हता आणि सलग मुलूखही नव्हता, कारण औंधपासून दूर आटपाडी, कुंडल आणि थेट विजापूरकडचे गुणदाळ अशा तुकड्यांत हे राज्य विखुरलेले होते. परंतु राजनीती म्हणजे केवळ मुद्रांकित खलिते नव्हेत. जिथे शेजाऱ्याची सीमा दर काही कोसांवर लागते आणि सोयरीक, बाजार व यात्रा सीमा ओलांडूनच होतात, तिथे घरात केलेला बदल शेजारच्या दरबारात आपोआप जाऊन पोहोचतो. औंधजवळ हेच एक साधन होते आणि त्याचा वापर जाणीवपूर्वक झाला.

1938 च्या अखेरीस राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली आणि जानेवारी 1939 मध्ये घटना अमलात आली. तिचा मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला होता आणि त्यामागे राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचे श्रम होते. घटनेची रचना खालून वर जाणारी होती, म्हणजे पाया ग्रामस्थांनी निवडलेल्या गावपंचायतीचा, तिच्यावर तालुक्याची सभा आणि तालुक्यांतून गेलेल्या प्रतिनिधींचे कायदेमंडळ. गावाला केवळ दिवाबत्तीची आणि पाणवठ्याची कामे न देता कारभाराचा आणि न्यायाचा वाटा देण्याचा तिचा हेतू होता.

यावर दुसरा आक्षेप येतो, तो अधिक टोकदार आहे. राजाने दिलेली लोकशाही ही लोकशाही नव्हे, ती बक्षिशी आहे. आणि जो स्वतः बक्षिशी देतो तो शेजाऱ्याला हक्काची भाषा काय शिकवणार? या आक्षेपातील अर्धे सत्य मान्य केले पाहिजे. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, चित्रे काढणारे, प्रजेला लेकराप्रमाणे वागवणारे भवानराव हे वृत्तीने कुटुंबप्रमुख होते आणि कुटुंबप्रमुखाच्या उदारपणात हुकमाचा अंश असतोच. मात्र देणगी परत घेता येते की नाही, यावर तिचा कस लागतो. त्याच हिवाळ्यात राजकोटचे संस्थानिक ठाकोरसाहेब यांनी सरदार पटेलांशी सुधारणांचा करार केला आणि पुढे तो मोडला. मार्च 1939 मध्ये गांधीजींना तिथे उपोषणाला बसावे लागले. औंधमध्ये असे पाऊल मागे घेतले गेले नाही. सत्ता देताना राजाने स्वतःचेही हात बांधून घेतले होते.

तुलना दुसऱ्या बाजूनेही करता येते आणि ती अधिक बोलकी आहे. जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठचे बोरी बुद्रुक हे गाव संस्थानी मुलखात नव्हते. ते पुणे जिल्ह्यात, म्हणजे ‘सुधारलेल्या’ ब्रिटिश अमलाखाली होते. 1937 साली प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला मत देता येईल की नाही, हे मुख्यतः तो किती सारा भरतो, त्याची मिळकत किती आणि शिक्षण किती यावरून ठरत होते. कुळाने दुसऱ्याचे रान कसणारा, बलुत्यावर जगणारा किंवा मजुरीला जाणारा माणूस बहुधा यादीबाहेरच राहिला. प्रांताच्या कायदेमंडळाचा पाया सारा होता, औंधच्या घटनेचा पाया गाव होता. ‘मागासलेली संस्थाने आणि प्रगत ब्रिटिश हिंदुस्थान’ ही शाळेत शिकवली जाणारी विभागणी निदान या एका ठिकाणी उलटी पडते.

तिसरा आक्षेप छत्रीचा आहे. लिथुएनिया 2004 पासून युरोपीय संघाचा आणि नाटो या लष्करी आघाडीचा सदस्य असल्यामुळे धीट आहे आणि औंध गांधीजींच्या पुण्याईवर धीट होते, स्वतःचे बळ कोणाचेच नाही, असे म्हटले जाते. यातला औंधविषयीचा भाग तपासला तर उलटेच दिसते, कारण औंधच्या डोक्यावरची छत्री ब्रिटिशांची होती आणि तीच त्याला दाबत होती. तरीही 1942 नंतर सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर असे लोकांचे सरकार, उभे राहिले तेव्हा औंधच्या हद्दीचा उपयोग भूमिगतांना झाला. क्रांतिकारकांचे महत्त्वाचे ठाणे असलेले कुंडल हे औंधचेच गाव होते. ब्रिटिश हद्दीतील पोलिसांना संस्थानी हद्दीत थेट शिरणे अडचणीचे होते आणि औंधच्या कारभाराने ही अडचण दूर करण्याची घाई केली नाही. मुद्दाम लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की प्रतिसरकारचे मोठे काम न्यायदान मंडळांचे होते, म्हणजे गावकऱ्यांसमोर तंटे सोडवणाऱ्या लोकन्यायालयांचे. औंधच्या पंचायतींनी हे काम शिकवले असा दावा करणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण एका बाजूला राजमान्य पंचायत आणि दुसऱ्या बाजूला बंडखोर लोकन्यायालय अशा दोन्ही संस्था एकाच टापूत, एकाच दशकात रुजत होत्या आणि माणसे हद्दीच्या आरपार जात-येत होती.

शेजारच्या दरबारांवर काय परिणाम झाला, हा खरा प्रश्न आहे आणि इथे समर्थकांनीही हात आखडता घ्यावा. औंधची घटना आली त्याच 1939 साली रामदुर्गात प्रजेच्या चळवळीला हिंसक वळण लागले. कोल्हापूरने औंधचा कित्ता गिरवला नाही. ‘सगळे संस्थानिक औंधच्या मागे गेले’ असे लिहिणारा इतिहास हा गौरवग्रंथ होय, त्यापलीकडे काही नाही. परिणाम दिसला तो उशिरा आणि वेगळ्या रूपात. जुलै 1946 मध्ये दक्षिणी संस्थानिक पुण्यात गांधीजींना भेटले. लहान संस्थानांनी एकत्र येऊन संघ करावा आणि स्वतंत्र हिंदुस्थानात आपली जागा राखावी, हा विचार त्यामागे होता. संस्थानिकांनी आधी सत्ता प्रजेच्या हाती द्यावी आणि मग संघाची भाषा करावी, असा गांधीजींच्या सांगण्याचा रोख होता. राजांनी राजांशी केलेल्या जुटीत प्रजेचे हित आपोआप येते, हे त्यांना मान्य नव्हते. या बैठकीत औंधचे वजन त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठे होते, कारण जे इतरांना करावे लागणार होते ते औंधने सात वर्षे आधी करून दाखवले होते. सांगली किंवा मिरजेच्या अधिपतींना ‘हे अशक्य आहे’ असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. ‘आम्हाला करायचे नाही’ असे म्हणता आले असते, पण ते चारचौघांत म्हणणे अवघड.

लहान राज्याच्या लोकशाही राजनीतीचे खरे सामर्थ्य शेजाऱ्याची सबब काढून घेण्यात आहे. धाक किंवा उपदेश ही साधने त्याला पेलत नाहीत. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकाचा अनुभव याला दुजोरा देतो. होसे फिगेरेस यांच्या काळात या देशाने शेजारच्या हुकूमशहांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटांना हात दिला आणि बदल्यात 1948 आणि 1955 साली निकाराग्वाच्या बाजूने आक्रमणे ओढवून घेतली. याउलट, स्वतःचे सैन्य बरखास्त केलेल्या याच देशाचे अध्यक्ष ऑस्कर आरियास यांनी 1987 साली पाच राष्ट्राध्यक्षांना ज्या शांतता करारावर सह्या करायला लावल्या, त्यात मुक्त निवडणुकांचे कलम होते.

उरला शेवटचा आणि सर्वांत लाडका आक्षेप, तो म्हणजे प्रयोग फसला. 1947 मध्ये औंध, फलटण, भोर, सांगली यांसह काही संस्थानांनी संघ स्थापन केला, पण तो काही महिनेच टिकला आणि 8 मार्च 1948 रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. मग शेजाऱ्यांना काय मिळाले? हा आक्षेप राज्य टिकणे हीच यशाची कसोटी मानतो आणि ती कसोटी संस्थानिकाची आहे, प्रजेची नव्हे. प्रजेला स्वतंत्र औंध किंवा दक्षिणी संघ नको होता. तिला मोठ्या लोकशाहीत नागरिक व्हायचे होते. स्वतःचे राज्य विसर्जित होत असताना औंधने त्याला अडसर घातला नाही, ही तिथल्या घटनेशी सुसंगतच गोष्ट होती. आजच्या ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदा थेट औंधच्या पोटी जन्मल्या असे सांगण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, त्यांची वंशावळ वेगळी आणि गुंतागुंतीची आहे.

औंधची रीत पुढे कुठे गेली याचा माग घ्यायचाच असेल तर तो नैरोबीत घ्यावा लागतो. संस्थानाचे पंतप्रधान राहिलेले आप्पासाहेब पंत 1948 मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर म्हणून गेले. तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी गोऱ्या वसाहतवाल्यांशी सलगी करण्यापेक्षा आफ्रिकी बहुसंख्याकांच्या बाजूने उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतातील विद्यापीठांत शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली आणि जोमो केन्याटांसारख्या नेत्यांशी मैत्री जोडली. 1952 मध्ये केनियात आणीबाणी पुकारल्यानंतर ब्रिटिश प्रशासनाला हा मुत्सद्दी सलू लागला आणि 1954 साली त्यांना तिथून निघावे लागले. नऊ वर्षांनी केनिया स्वतंत्र झाला तेव्हा देशाची सूत्रे केन्याटांच्याच हाती आली.