लम्पीच्या पुढ्यातला पडदा

पडद्याआड | पडदानशीन

घरात शिपाई शिरलेत. पांढरी चिलखतं, हातात बंदुका, सगळ्या सामानाची उलथापालथ चाललीय. घरातलं पोर मात्र एका जागी बसलंय. अंगभर केस असलेलं, लम्पी नावाचं. त्याच्या पुढ्यात एक छोटासा पडदा आहे आणि घराची झडती सुरू असताना ते कार्टून बघतंय.

१७ नोव्हेंबर १९७८ च्या रात्री अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'द स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल' लागला होता. निम्मा कार्यक्रम उरकत आला होता आणि घरोघरीच्या पोरांची चुळबुळ केव्हाच सुरू झाली असणार. लम्पीच्या पडद्यावर जे कार्टून उमटलं ते जेमतेम नऊ मिनिटांचं. दोन तासांच्या त्या सगळ्या खटाटोपात बघण्यासारखं तेवढंच होतं, असं या सदराचं मत. आणि त्या नऊ मिनिटांत सणाचा एक शब्दही नाही.

अमेरिकी टीव्हीवर नाताळचा 'स्पेशल' ही चीज तोवर चांगली मुरली होती. १९६४ मध्ये एनबीसीवर 'रुडॉल्फ' आला. लाल नाकाच्या या रेनडिअरच्या बाहुल्या जपानात एकेक चौकट हलवून चित्रित झाल्या होत्या आणि खर्च उचलला होता जनरल इलेक्ट्रिकने. पुढच्याच वर्षी कोका-कोलाच्या पैशावर चार्ली ब्राऊनचा नाताळ आला. दिवाळी अंक वाचत वाढलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगायला नको. सण, जाहिरातदार आणि 'विशेष' हा शब्द यांचं मेतकूट आपल्याकडेही जुनंच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तोही इंग्रजी मासिकांचे नाताळ अंक डोळ्यांपुढे ठेवून.

'स्टार वॉर्स'ची अडचण अशी की त्या विश्वात नाताळच नाही. कथा घडते फार फार पूर्वी, दूरच्या एका दीर्घिकेत. तिथे येशू नाही, सांताक्लॉज नाही, डिसेंबरही नाही. पण दुकानांत डिसेंबर होताच. मे १९७७ मध्ये सिनेमा आला तेव्हा तो एवढा चालेल अशी कुणाचीच अटकळ नव्हती. त्या नाताळपर्यंत केनर कंपनीच्या बाहुल्या तयारच झाल्या नाहीत. कंपनीने चक्क पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत एक पावती: ही भरून पाठवा, बाहुल्या मागाहून येतील. झाडाखाली रिकामं पाकीट सापडलेल्या पोरांचा पुढचा नाताळ तरी भरलेला हवा होता. पुढचा सिनेमा १९८० ला यायचा होता. मधल्या काळात लोक हे सगळं विसरू नयेत म्हणून टीव्ही.

मग एक सण घडवण्यात आला: 'लाइफ डे'. चुबाका या झिपऱ्या वूकीला सणासाठी घरी, कशीक ग्रहावर पोचायचंय. बायको मल्ला, बाप इची आणि पोरगा लम्पी वाट बघतायत. गोष्ट म्हणून यात खोट काहीच नाही. सणाला घरी पोचण्यासाठी एसटीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही ती पटेल. घोडं पेंड खातं ते भाषेपाशी. वूकी फक्त गुरगुरतात. कार्यक्रमाच्या सुरुवातीची कित्येक मिनिटं हे कुटुंब आपसात गुरगुरत घरकाम करतं आणि खाली भाषांतराची एक ओळ येत नाही.

त्यानंतर उरलेल्या जागेत त्या काळच्या टीव्हीवरचं जे म्हणून चालायचं ते कोंबलेलं. चार हातांची सुगरण गोरमांडा पडद्यावरून रस्सा शिकवते, ती भूमिका हार्वे कोर्मन या विनोदी नटाची. बी आर्थर गुत्ता चालवते आणि गाते. जेफरसन स्टारशिप हा रॉक चमू येऊन एक गाणं वाजवून जातो. शेवटी लाल झगे घातलेले वूकी हातात उजळते गोळे घेऊन चालत येतात आणि राजकन्या लिया, म्हणजे कॅरी फिशर, सिनेमाच्या संगीतावर शब्द बसवून गाते. मूळ दिग्दर्शक थोड्याच दिवसांत बाहेर पडला आणि एल्विस प्रेस्लीचा १९६८ चा गाजलेला कार्यक्रम करणाऱ्या स्टीव्ह बाइंडरना बोलावण्यात आलं. माणूस मुरब्बी होता. त्यांनी हे तडीला नेलं, एवढंच म्हणता येईल.

कार्टूनचं काम मात्र हॉलिवूडपासून लांब, कॅनडातल्या टोरांटोत झालं. मायकेल हर्श, पॅट्रिक लूबर्ट आणि क्लाइव्ह स्मिथ यांनी १९७१ मध्ये नेल्वाना नावाचा छोटा स्टुडिओ काढला होता. १९७७ मध्ये त्यांनी 'अ कॉस्मिक ख्रिसमस' केला. बेथलेहेमवर चमकलेल्या ताऱ्याचं गूढ उकलायला परग्रहावरचे तिघे पृथ्वीवर येतात, अशी कथा. विज्ञानकथा आणि नाताळ यांची सांधेजोड या मंडळींनी आधीच एकदा करून पाहिली होती. ती 'स्टार वॉर्स'चे कर्ते जॉर्ज लुकास यांच्या नजरेत भरली आणि काम टोरांटोला गेलं. दिग्दर्शन क्लाइव्ह स्मिथ यांचं.

लुकास यांची एक फर्माईश होती: चित्रं मोबियससारखी हवीत. मोबियस म्हणजे फ्रेंच चित्रकथाकार झां जिरो. लांबलचक वाळवंटं आणि सडपातळ, किंचित वितळल्यासारखी माणसं काढणारा. हे नेमकं उलट्या दिशेचं मागणं होतं. एवढ्या लोकप्रिय सिनेमाचं कार्टून म्हटलं की पहिली अट असते ती 'हुबेहूब' काढण्याची. नट ओळखू आला पाहिजे, यान खेळण्याशी जुळलं पाहिजे. इथे चुबाकाचा जोडीदार हान सोलो याचा चेहरा घोड्यासारखा ओढलेला आहे. आर्टू हा पत्र्याचा डबा चालताना रबरासारखा वाकतो. सिनेमा पाठ असलेल्याला ही चित्रं आधी खटकतात, मग हळूहळू भूल घालतात.

नऊ मिनिटं थोडी वाटतात, चितारणाऱ्याला विचारावं. नऊ मिनिटं म्हणजे ५४० सेकंद. फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी. एक चित्र दोन चौकटींना पुरवायचं ही धंद्यातली नेहमीची काटकसर धरली, तरी सेकंदाला बारा आणि एकूण साडेसहा हजारांच्या घरात चित्रं होतात. ही झाली एका थराची मोजणी. दोन पात्रं वेगवेगळ्या थरांवर हलली की आकडा वाढतो. प्रत्येक चित्र पारदर्शक पत्र्यावर रेषांनी उतरवायचं, पत्रा उलटा करून मागून रंग भरायचा, वाळू द्यायचा, पार्श्वचित्रावर ठेवून कॅमेऱ्याखाली सरकवायचा. इतक्या खर्चाच्या चौकटीत फुकटची चौकट परवडत नाही. मंचावर पाहुणा गायक पाच मिनिटं रेंगाळला तर संकलकाला ते कापवत नाही. कार्टूनमध्ये ती पाच मिनिटं आधी कुणीतरी हाताने काढावी लागली असती. म्हणूनच बाकीचा कार्यक्रम पसरट आणि हा तुकडा गच्च.

गोष्ट अशी: हान आणि चुबाका एका ताईताच्या शोधात आहेत. त्या ताईतापायी झोपेचा विषाणू लागतो आणि हान बेशुद्ध पडतो. डोक्याला रक्त पुरावं म्हणून चुबाका त्याला चक्क उलटा टांगून ठेवतो. शोधत आलेल्या ल्यूकची, सिनेमाच्या नायकाची, गाठ एका अनोळखी स्वाराशी पडते. तो शिरस्त्राण घातलेला, अजस्र प्राण्यावर बसलेला, हातात दुबेळक्याच्या टोकाची बंदूक. तो प्रत्येकाला 'मित्रा' म्हणतो. फार गोड बोलणाऱ्या या माणसाविषयी ज्याला बोलता येत नाही त्या चुबाकालाच पहिल्यापासून संशय आहे. शेवटी कळतं की मित्र खलनायक डार्थ व्हेडरच्या पगारावर आहे.

हा बोबा फेट. १९७८ च्या उन्हाळ्यात त्याचा वेश पांढराशुभ्र होता आणि त्याची चाचणी चित्रित झाली होती. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सान अन्सेल्मो गावच्या मिरवणुकीत तो व्हेडरशेजारी चाललाही. पण त्याला आवाज, चाल आणि कावा मिळाला तो टोरांटोतल्या चित्रांत. आवाज दिला डॉन फ्रँक्स यांनी. पुढे १९८० च्या 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये त्याच्या वाट्याला फक्त चार वाक्यं आली. तरी पोरांना तो हवा होता. पाकिटावरच्या चार चिठ्ठ्या कापून पाठवल्या की बाहुली टपालाने मिळे. जाहिरातीत तिच्या पाठीवरचं क्षेपणास्त्र उडायचं. हातात पडलेल्या बाहुलीत ते पक्कं बसवलेलं असायचं, कारण पोराच्या घशात गेलं तर काय, ही धास्ती. रिकाम्या पाकिटानंतर ही दुसरी फसवणूक.

कार्टून जमलं ते चितारणारे थोर होते एवढ्यावरच नाही. त्यांच्यावर सणाचं ओझं टाकलेलं नव्हतं. लम्पी बघतोय ते त्याच्या घरच्या टीव्हीवरचं एक साहस, बस. बाहेरच्या दोन तासांना मात्र सण सिद्ध करायचा होता आणि तो होईना. लाइफ डेला झगे होते, दिवे होते, गाणं होतं, रस्साही होता. नव्हतं ते एवढंच की तो सण आधी कुणी साजरा केला होता. लाडवाच्या आकारावरून आजी बोलते, मागच्या वर्षी कोण रुसून गेलं ते निघतं, अशी जुनी उणीदुणी कोऱ्या सणात आणायची कुठून? लेखकाच्या टेबलावर सणाचं सामान सगळं मिळतं. मागचं वर्ष मिळत नाही.

ते मागचं वर्ष पुढे मिळालं, आणि मिळवून दिलं टवाळांनी. लुकास यांना हा कार्यक्रम नकोसा झाला. तो त्या वाहिनीवर पुन्हा लागला नाही, अधिकृतपणे विक्रीलाही आला नाही. पण त्या रात्री काही घरांत व्हिडिओ रेकॉर्डर चालू होते. त्या कॅसेटच्या कॅसेट, मग त्यांच्याही कॅसेट हातोहात फिरल्या, रंग उडालेल्या, मध्ये १९७८ च्या जाहिराती तशाच राहिलेल्या. दरवर्षी डिसेंबरात मित्र जमवून हे भयंकर प्रकरण लावायचं आणि गुरगुरण्यावर हसायचं, असा परिपाठ पडला. गंमत बघा, न जमलेला सण असा जमत गेला. 'द मँडलोरियन' ही मालिका २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्याच भागात एक निळा कैदी लाइफ डेला घरी जायचंय म्हणून गयावया करतो. त्याला पकडणाऱ्या नायकाच्या खांद्यावर बंदूक आहे ती दुबेळक्याची, टोरांटोत काढलेली.

मग आला २०२० चा 'लेगो स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल'. डिस्ने प्लसवर, तोही १७ नोव्हेंबरलाच, बरोबर ४२ वर्षांनी. हेही काम कॅनडातच झालं, या खेपेला व्हँकूव्हरच्या अ‍ॅटॉमिक कार्टून्समध्ये. दिग्दर्शक केन कनिंगहॅम, लेखक डेव्हिड शेन. आणखी एक योग: लेगोचा तो पिवळ्या चेहऱ्याचा, चार सेंटिमीटरचा माणूस बाजारात आला तोही १९७८ मध्येच.

या माणसाला कोपर नाही, गुडघा नाही. हात खांद्यातून गोल फिरतो, पाय पुढेमागे होतात, मान वळते. चेहरा म्हणजे रंगवलेल्या चार रेषा. अशा खेळण्याकडून रडवेला प्रसंग करून घ्यायचा तर तो हास्यास्पद होणार हे आधीच मान्य करावं लागतं, आणि या चमूने तेच भांडवल केलं. पो हा वैमानिक लाइफ डेच्या मेजवानीच्या तयारीत घायकुतीला आलाय, टिप-यिप नावाचा पक्षी भाजायचाय, पाहुणे दारात. त्याची मैत्रीण रे तेवढ्यात निघून जाते आणि काळाचं दार उघडून जुन्या सगळ्या सिनेमांतून धडपडते. व्हेडर आपल्या सम्राटाला सणाची भेट देतो: चहाचा मग, त्यावर लिहिलेलं, दीर्घिकेतला सर्वोत्तम सम्राट. साहेबाला दिवाळीची भेट काय द्यावी या विवंचनेत बाजार पालथा घातलेल्या कारकुनाला हा विनोद समजवावा लागत नाही.

सगळंच साधलंय असं नाही. मधला काळप्रवास ओळखीच्या चेहऱ्यांची खिरापत वाटल्यासारखा होतो. बाहुल्यांची जाहिरात कुठे संपते आणि गोष्ट कुठे सुरू होते, कळेनासं होतं. हाच साचा नंतर भुताखेतांच्या हॅलोविनला आणि उन्हाळी सुट्टीलाही वापरला गेला आणि पातळ होत गेला. पण पोच्या स्वयंपाकघरात लाइफ डे पहिल्यांदा खरा वाटतो, कारण तिथल्या प्रत्येकाला सण कसा असायला हवा याचं मत आहे, आणि बघणाऱ्यालाही. जेम्स गन यांनी २०२२ मध्ये 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'चा नाताळ केला तोही १९७८ च्या त्या कार्यक्रमावरच्या प्रेमापोटी. त्यांनी नायकाच्या लहानपणची आठवण तेवढी सुरुवातीला आणि शेवटी कार्टूनमध्ये घातली, मधला मजकूर नटांवर सोडला.

नेल्वानाच्या नऊ मिनिटांचं नशीब निराळं. २०११ मध्ये सिनेमांच्या ब्लू-रे संचात ती लपवून ठेवली होती, शोधणाऱ्याला सापडावीत अशी. एप्रिल २०२१ मध्ये ती डिस्ने प्लसवर उघडपणे आली, 'द स्टोरी ऑफ द फेथफुल वूकी' या नावाने, स्वच्छ करून, सुटी. बाकीचा कार्यक्रम तिथे ठेवलेला नाही. हान उलटा टांगलेला आहे, बोबा 'मित्रा' म्हणतोय, रंग लखलखीत आहेत. झडतीचे शिपाई, पसरलेलं सामान आणि पडद्यापुढे बसलेला लम्पी मात्र अजून त्या जुन्या कॅसेटवरच आहेत, जाहिरातींसकट.

– पडदानशीन