भिंतीआधी फरशीला विचारा!

नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो, शेडकार्ड घरात येतं आणि पहिलं भांडण पेटतं. तिला लॅव्हेंडर हवा, त्याला कॉफी ब्राउन, आणि आई म्हणतात, "पांढराच द्या, उजेड राहतो." ज्यांचं मत खरं महत्त्वाचं, त्यांना मात्र कोणी विचारतच नाही. फरशी, दारं आणि खिडकी!

हिशेब साधा आहे. होम लोनचे हप्ते सुरू झाल्यावर फरशी उखडणं किंवा दारं बदलणं खिशाला झेपत नाही. त्या मानानं रंग बदलणं सोपं. मग जुळवून घ्यायचं तर ते रंगानंच.

सुरुवात खाली बघून करा. बिल्डरनं दिलेली टाइल 'क्रीम' म्हणून खपते, पण तिच्यावर कोरा पांढरा कागद ठेवा. ती पिवळसर आहे, गुलाबी की करडी, ते लगेच कळेल. हाच तिचा अंडरटोन. पिवळसर टाइलशेजारी निळसर करडी भिंत आली, की नवीकोरी टाइलही कळकट दिसते. तिथं मोतिया, बदामी असे उबदार रंग घ्या. हिरवट कोटा असेल, तर फिकट शेवाळी मस्त; बेबी पिंक जरा जपूनच. आणि जुन्या घरात मोझेइक फरशी असेल, तर तुम्ही लकी! तिच्यातल्या चिप्सपैकी सगळ्यात फिका रंग भिंतीला द्या, गडद रंग पडद्यांना.

आता दारं. पॉलिश केलेल्या सागवानात नारिंगी झाक असते. शेजारी निळी भिंत आली, की ती झाक आणखी उठते. दार मिरवायचं असेल तर बेस्ट! नसेल, तर बेज किंवा मातकट रंगात ते शांत होतं.

खिडकीची दिशाही बघा. उत्तरेचा उजेड बहुतेक वेळ थंड आणि एकसारखा असतो. तिथं ग्रे आणखी उदास वाटतो, फिकट पीच खुलतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळच्या उन्हात केशरी, लाल अंगावर येतात. पण नोकरदार माणूस आपलं घर बघतो ते रात्री! म्हणून दिवेही मोजा. ६५०० केल्विनचा एलईडी रंगाला निळसर करतो, २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर. दुपारी पसंत केलेली शेड रात्री परकी वाटते, ती यामुळेच.

शेडकार्डच्या इंचभर तुकड्यावर विसंबू नका. चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे तीच शेड खोलीत जास्त गडद भासते. सॅम्पलचा छोटा डबा आणा, मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. मग ते शीट फरशीला टेकवून, दाराशेजारी उभं करा. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावून बघा. भिंतीवरच पट्टे मारले, तर मागचा जुना रंग डोळ्यांना फसवतो.

पेंटर "मॅडम, फायनल सांगा" म्हणून मागे लागेल. लागू दे! त्याचं काम आठवड्याभरात संपतं, त्या भिंतींसोबत तुम्हाला वर्षानुवर्षं राहायचंय. दोन दिवस शीट फिरवा. घरातलं भांडणही बहुधा तिथंच मिटेल, कारण निकाल फरशी देईल!