मच्छरदाणी कोणासाठी?

पेणमधील एका घरी डेंग्यूने आजारी असलेला दहा वर्षांचा मुलगा भरदुपारी उघडाच झोपलेला दिसला. मच्छरदाणी लावा म्हणताच आजी म्हणाल्या, "डॉक्टर, आता कशाला? चावायचा तो चावून गेला."

आजींचा तर्क पुष्कळांना पटेल. डास म्हणजे विषाणू टोचणारी सुई, असा आपला समज असतो. वस्तुतः डेंग्यूचा विषाणू डासालाही संसर्ग करतो. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत आणि त्याआधीही एक-दोन दिवस रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्या काळात एडिस डासाच्या मादीने रक्त शोषले की तो तिच्या आतड्याच्या पेशींत शिरतो, तेथे वाढतो आणि शरीरभर पसरत लाळग्रंथींत पोहोचतो. यास साधारण ८ ते १२ दिवस लागतात. तिच्या पेशी प्रतिकारही करतात. विषाणूच्या आरएनएचे तुकडे पाडतात. त्यामुळे तो आटोक्यात राहतो, नाहीसा होत नाही. आपण तापाने फणफणतो. ती मात्र उडत राहते आणि मरेपर्यंत इतरांना संसर्ग देऊ शकते.

म्हणजे ती मच्छरदाणी मुलाइतकीच त्याच्या धाकट्या बहिणीसाठी होती. आणि एडिस दिवसा चावतो, म्हणून ती दुपारीही हवी.

काही वेळा विषाणू मादीच्या अंड्यांतही उतरतो. नागपूरजवळच्या चांदीपुरा येथे १९६५ साली सापडलेला विषाणूही सँडफ्लायच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जाऊ शकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, पिंपाच्या ओलसर कडेला. ती कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. रोह्याकडे पुष्कळजण अभिमानाने सांगतात, "पिंप दर आठवड्याला रिकामे करतो." रिकामे करून पुन्हा भरले, तर अंड्यांना हवे तेच मिळाले! आतली कड काथ्याने खसखसून घासावी लागते. पेणच्या गणपती कारखान्यांमागे पडलेले रंगाचे डबेही पालथे घालावेत.

तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावे. अॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन नको. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस अधिक जोखमीचे असतात. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण सुस्ती दिसली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.