जुन्या रायफलीस नवी नळी

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या आणि मक्याने कणीस धरले, म्हणजे डोंगरालगतच्या गावांतील शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत जे करून जातो, ते भरून काढण्यास पुढचे वर्ष पुरत नाही. अशा दिवसांत माळ्यावर जागल करणाऱ्या मनुष्यास घरातील जुन्या शस्त्राची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. गेल्या हंगामात आमच्या परिचयाचे एक सभासद आजोबांच्या वेळची रायफल व तिचा परवाना घेऊन आमच्याकडे आले. नळीतील आटे गंजाने खाल्ले होते. परंतु त्याहून मोठी अडचण ही की, रायफल.३१८ बोअरची असून त्या बोअरचे काडतूस आता आपल्याकडील दुकानांत मिळत नाही. एका कारागिराने त्यांस सांगितले होते की, "जुनी नळी काढून .३१५ ची बसवू, मग काडतुसांस तोटा नाही." हे करावे की न करावे, असा त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न आणखी पुष्कळ घरांत निघत असेल, यास्तव त्याचे उत्तर येथे जरा विस्ताराने देत आहो.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. पीक राखण्याच्या हेतूने जुन्या रायफलीची नळी बदलून तिचा बोअर बदलणे हा शेतकऱ्याने धरण्याजोगा मार्ग नव्हे. ज्यास तो धरावयाचाच असेल, त्याने आरंभ नळीपासून न करता काडतुसापासून व परवान्यापासून करावा.

वरवर पाहता कारागिराचे बोलणे पटण्यासारखे आहे. नांगराचा फाळ झिजला की आपण नवा बसवितो, गाडीचा आस मोडला की नवा घालतो. मग रायफलीची नळीच तेवढी का बदलू नये? याचे उत्तर असे की, त्याच मापाची नवी नळी घालणे ही दुरुस्ती होय, आणि दुसऱ्या मापाची नळी घालणे हे सगळे यंत्रच नव्याने जुळविणे होय. लाकडी नांगराच्या हाळसास ट्रॅक्टरचा फाळ जोडणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही.

रायफलीत काडतूस एकट्या नळीशी गाठ बांधून नसते. मॅगझिनमध्ये ते रचले जाते, बोल्ट ते पुढे ढकलतो, नळीच्या मागील घरात ते नेमके बसते, आणि बार उडाल्यावर बोल्टाची आकडी रिकामे नळकांडे बाहेर ओढते. आता या दोन काडतुसांत भेद काय तो पाहा. .३१८ हे बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स यांनी सुमारे १९१० साली काढलेले काडतूस. त्याच्या बुडास बाहेर निघालेली कड नाही, आणि त्याकरिता रायफली बनल्या त्या मुख्यतः मौझर जातीच्या बोल्टावर. .३१५ चे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या मान्लिखर रायफलीचे. त्याच्या बुडास रुंद कड असते. ते कडेवर टेकून घरात बसते, तर .३१८ चे आपल्या खांद्यावर टेकते. मौझरच्या बोल्टाचे तोंड व मॅगझिन कडेच्या काडतुसाकरिता घडविलेलेच नाही. केवळ नळी बदलून हा मेळ बसत नाही; आणि जो कारागीर घासून, कोरून तो बसवू पाहील, तो बोल्टाचा तोच भाग अशक्त करील ज्याच्या आधारावर डोळ्यांचे व चेहऱ्याचे रक्षण अवलंबून आहे. काडतूस व बोल्ट यांच्यामध्ये वाजवीपेक्षा अधिक फट राहिली, तर नळकांडे फाटून जळता वायू बार काढणाऱ्याच्या तोंडावरच येतो.

शिवाय बोअरचा आकडा म्हणजे गोळीचे माप, असेही समजू नये. .३०३ ची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचांची असते, आणि .३१८ ची .३३० इंचांची. आकडे जवळचे दिसतात म्हणून काडतुसे जवळची ठरत नाहीत.

त्या सभासदांची रायफल जर कोणत्या बोअरात बदलता आलीच असती, तर ती .३०-०६ मध्ये होय. हे १९०६ सालचे अमेरिकन काडतूस. त्याच्या बुडास कड नाही, बुडाचे माप .३१८ शी जवळजवळ जुळते, आणि लांबीही जुन्या मॅगझिनात सामावण्याजोगी आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्याने या बोअरच्या शिकारी रायफली बनविलेल्याही आहेत. तरी तेथेही जुन्या पोलादाची परीक्षा, नव्या नळीचे घर, नेमाची साधने आणि दाबाची अधिकृत कसोटी हे सर्व करावेच लागते. म्हणजे मौज अशी की, मालकास हवा होता तो बोअर रायफलीस सोसत नव्हता, आणि रायफलीस सोसेल त्या बोअरची मालकाच्या शेतास गरज नव्हती.

सरकारी कारखान्यांनीही बोअर बदलले आहेत, असे कोणी म्हणेल. म्हटले तर खरे आहे. पण त्यांनी ते कसे बदलले तेही पाहावे. ईशापूर येथे .३०३ च्या जुन्या लष्करी रायफलींपासून पोलीस व पहारेकऱ्यांकरिता .४१० ची आटे नसलेली मस्केट करण्यात आली. तिचे काडतूस .३०३ च्याच नळकांड्यावरून, मान न आवळता, बनविले होते. त्यामुळे बुडाची कड तीच राहिली व बोल्टाशी मेळ मोडला नाही. पुढे १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच कारखान्यास त्याच घडणीची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाकरिता करावयाची होती. तेव्हा जुन्या रायफलीस नुसती नळी न चढविता अधिक मजबूत पोलादाची नवी रायफल घडविली, आणि मॅगझिन व आकडीही बदलली. ज्यांच्यापाशी मोजमापाची सर्व साधने होती, त्यांनी जेथे एवढी सावधगिरी बाळगली, तेथे तालुक्याच्या गावातील लेथवर हे काम उरकण्याची उतावीळ आपण का करावी?

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या देशात बोअर हा नेहमीच राज्यकर्त्यांच्या नजरेतला विषय राहिला आहे. सरहद्दीवरील बंडखोर टोळ्यांच्या हाती .४५० च्या लष्करी मार्टिनी रायफली होत्या, म्हणून १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने .४५० बोअरची शिकारी काडतुसेही हिंदुस्थानात येऊ देण्याचे बंद केले, आणि त्यामुळे विलायती कारखानदारांस .४६५, .४७०, .४७५ असे नवे बोअर काढावे लागले. स्वातंत्र्यानंतरही .३०३ हा लष्करी म्हणून निषिद्ध बोअरांतच गणला जातो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वये शस्त्राचे रूपांतर किंवा दुरुस्ती करण्याचा धंदा परवान्यावाचून करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने या अपराधाची शिक्षा किमान सात वर्षांची कैद अशी झाली आहे. आपल्या परवान्यावर शस्त्राचा बोअर लिहिलेला असतो. आधी लेखी अनुमती न घेता तो बदलला, तर हाती उरते ते परवान्यावरील शस्त्र नव्हेच. आजोबांनी सचोटीने सांभाळलेल्या परवान्याचा शेवट नातवाच्या खटल्यात व्हावा, हे कोणास आवडेल?

तिसरी गोष्ट शेताची. रात्री पिकात शिरलेले डुक्कर माळ्यापासून तीस-चाळीस मीटरांवर असते. रायफलीची गोळी नेम चुकल्यास दोन किलोमीटरांहूनही दूर जाऊ शकते. आजच्या शिवारात इतकी मोकळी जागा उरली आहे कोठे? एका शेताच्या बांधापलीकडे दुसऱ्याची वस्ती, तिच्यापलीकडे ऊसतोडणीवाल्यांच्या झोपड्या, आणि पाणी धरण्यास निघालेला कोणी शेजारी अंधारात उभा. पीकसंरक्षणाकरिता कायद्याने प्रथम नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास आटे नसलेली दुसरी बंदूक देता येते. बारा बोअरच्या छऱ्यांचा पल्ला थोडा, म्हणूनच ती शेतास अधिक शोभते. शस्त्राच्या परवान्याने जनावर मारण्याचा अधिकार मिळत नाही, हेही विसरू नये. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली येते, आणि उभ्या पिकास उपद्रव झाला तरी त्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी घ्यावीच लागते.

यावर कोणी विचारील की, हे सर्व नियम सांगून होईपर्यंत पीक राहते काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यात शेतकऱ्याचे खरे दुःख आहे. परवानगीचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असतात तोवर भुईमूग उकरला जातो. परंतु या विलंबावरचा उपाय लेथवर सापडत नाही. तो सभासदांनी एकत्र येऊन मागावा लागतो: नुकसानीचा पंचनामा त्याच आठवड्यात व्हावा, परवानगीच्या अर्जाचा निकाल हंगामाच्या आत लागावा, आणि लगतच्या शेतांनी मिळून एकच कुंपण व जागलीची पाळी ठरवावी. हे काम एकट्याच्या रायफलीने होणारे नाही.

ज्यांच्या घरी असे जुने शस्त्र आहे, त्यांस आमचे सांगणे एवढेच. प्रथम नळीवरील व परवान्यावरील बोअर ताडून पाहा. त्या बोअरचे काडतूस मिळत असेल आणि नळीच तेवढी खराब असेल, तर परवानाधारक कारागिराकडून त्याच बोअरची नळी, रीतसर अनुमतीने, घालून घ्या. काडतूसच मिळत नसेल, तर शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवा किंवा कायदेशीर मार्गाने हस्तांतरित करा.

आमच्या त्या सभासदांनी शेवटी तसेच केले. रायफल विक्रेत्याच्या ताब्यात देऊन परत निघताना त्यांस वाईट वाटले, हे आम्ही पाहिले. आजोबांच्या हातांनी गुळगुळीत झालेला तो दस्ता होता. नंतर त्यांनी बारा बोअरच्या बंदुकीकरिता अर्ज केला. तो अर्ज अद्याप विचाराधीन आहे, आणि पुढचा भुईमूग पेरून झाला आहे. संघाच्या येत्या सभेत प्रथम ह्याच अर्जाचा, व त्याच्यासारख्या इतर अर्जांचा, विचार व्हावा अशी आमची सूचना आहे.